आधी मोजणी, मग मनोरा
(बिनतारी संदेशवहनाचे जनक गुग्लिएल्मो मार्कोनी यांचा जीवनपरिचय)



रमजानच्या एकोणतिसाव्या दिवशी रोजा सोडून, मगरिबची नमाज अदा करून आपण सारे पश्चिमेकडे डोळे लावून उभे राहतो. आभाळ स्वच्छ असले तर ठीक. ढग असले तर डोळ्यांचे काम कान करू लागतात. पूर्वी एखाद्याच्या घरच्या रेडिओभोवती सारी आळी गोळा होई. आता प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे. शेकडो कोसांवर चाँद दिसल्याची खबर क्षणात लोणी देवकरला येऊन पोहोचते, आणि घराघरांत शिरखुर्म्याची तयारी सुरू होते. शेवटच्या टप्प्यात ही खबर कोणत्या तारेवरून येत नाही. ती पोकळीतून येते. तिला ही वाट कोणी दाखवली, याचा विचार आपण क्वचितच करतो.

ती वाट शोधणाऱ्यांमध्ये ज्यांचे नाव अग्रभागी आहे त्या मार्कोनी यांचे चरित्र आज तुमच्यापुढे ठेवावयाचे आहे. परंतु केवळ एका थोर संशोधकाची माहिती व्हावी एवढाच हेतू नाही. एखादी गोष्ट शक्य आहे की अशक्य, हे कसे ठरवावे, याचा धडा या चरित्रात आहे. तो विद्यार्थ्यांना जितका उपयोगी आहे, तितकाच, किंबहुना थोडा अधिक, पालकांना उपयोगी आहे.

प्रथम आपल्या गावचेच उदाहरण घेऊ. समजा, लोणी देवकरच्या शाळेच्या गच्चीवरून सरळ रेषेत चाळीस किलोमीटरवरच्या एका गावाशी बिनतारी दुवा जोडावयाचा आहे. आपला मुलूख सपाट, मध्ये डोंगर नाही. मग अडचण कसली, असे कोणीही म्हणेल. पण पृथ्वी गोल आहे. चाळीस किलोमीटरच्या अंतरात तिचा फुगवटा मध्यभागी सुमारे ३१ मीटर येतो; म्हणजे आठ-दहा मजली इमारतीइतका! तो डोळ्यांना दिसत नाही, पण लहरींना आडवा येतो. हवेमुळे लहरी किंचित खाली वाकतात, म्हणून हिशेबात तो २४ मीटरच्या आसपास धरतात. शिवाय लहर दोऱ्यासारखी बारीक नसते. तिला मध्यभागी ऐसपैस जागा लागते. पाच सेंटिमीटर लांबीच्या लहरी वापरल्या तर आणखी सुमारे १४ मीटर मोकळे हवेत. त्यावर झाडांची उंची वेगळीच. म्हणून दोन्ही टोकांना चाळीस मीटरपेक्षा अधिक उंचीचे मनोरे हवेत. शाळेच्या गच्चीवरून हे काम होणार नाही. हा हिशेब आधी केला तर एक कागद आणि एक पेन्सिल खर्ची पडते. न करता मनोरा उभारला तर लाखो रुपये मातीत जातात.

जागेवर जाऊन पाहावे, मोजावे आणि मगच बोलावे, ही शिकवण आपल्या पूर्वजांना नवी नव्हती. बसऱ्यात जन्मलेले महान शास्त्रज्ञ इब्न अल हैसम यांनी हजार वर्षांपूर्वी अंधाऱ्या खोलीत, लहान छिद्रांतून प्रकाश सोडून तो सरळ रेषेत जातो हे प्रयोगाने दाखवले. त्यांच्याविषयी चरित्रकार एक हकिकत सांगतात. नाईल नदीच्या पाण्याचे नियमन करता येईल असे त्यांना वाटले होते, आणि त्यासाठी खलिफा अल हाकिम यांनी त्यांना इजिप्तला बोलावून घेतले. ते नदीच्या वरच्या अंगाला अस्वानपर्यंत गेले, त्यांनी जागा डोळ्यांनी पाहिली, आणि हे काम आपल्या साधनांनी होण्यासारखे नाही हे कबूल केले. खलिफाची मर्जी जाण्याचे भय असतानाही त्यांनी जे दिसले तेच सांगितले. ही हकिकत मनात ठेवा. शेवटी तिच्याकडे परत यावयाचे आहे.

बालपण आणि माळ्यावरची प्रयोगशाळा

गुग्लिएल्मो मार्कोनी यांचा जन्म २५ एप्रिल १८७४ रोजी इटलीतील बोलोन्या शहरी झाला. वडील ज्युसेप्पे हे जमीनदार, आई ॲनी ही आयर्लंडची. मुलाचे शालेय शिक्षण सलग असे झाले नाही. काही घरी, काही शिकवणीत, काही निरनिराळ्या गावी. परीक्षेत तो चमकला नाही. विद्यापीठात त्याला प्रवेश मिळू शकला नाही. आजच्या भाषेत सांगायचे तर, शेजाऱ्यांनी ज्याच्याविषयी मान हलवावी असा तो मुलगा होता.

परंतु विजेचे त्याला वेड होते. लिव्होर्नो येथील शिक्षक व्हिन्चेन्झो रोझा यांनी त्याला पदार्थविज्ञानाची गोडी लावली. बोलोन्याचे प्राध्यापक ऑगुस्तो रिघी यांनी विद्यार्थी नसतानाही त्याला आपल्याकडे येऊ-जाऊ दिले. जर्मन शास्त्रज्ञ हर्ट्झ यांनी १८८८ साली विद्युत्‌लहरी निर्माण करून दाखवल्या होत्या. १८९४ साली हर्ट्झ वारले. त्यांच्या कार्यावरचा लेख मार्कोनीच्या वाचनात आला आणि या लहरींनी निरोप पाठवता येईल ही कल्पना त्याच्या मनात पक्की झाली. वय वीस.

पोन्तेक्कियो येथील घराच्या माळ्यावर त्याने प्रयोग मांडले. आईने माळा मोकळा करून दिला. वडील प्रथम नाराज होते, तरी पुढे त्यांनीही पैसा दिला. प्रथम खोलीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला घंटी वाजली. मग अंगणात, मग शेतात. प्रेषक यंत्राची एक तार उंच खांबावर आणि दुसरी जमिनीत पुरली, की पल्ला वाढतो, हे त्याच्या ध्यानात आले. १८९५ साली त्याने सर्वांत महत्त्वाची परीक्षा घेतली. थोरला भाऊ अल्फोन्सो ग्राहक यंत्र घेऊन टेकडीच्या पलीकडे गेला, जिथून घर दिसत नव्हते. संदेश मिळाला तर बंदुकीचा बार काढायचा, असे ठरले होते. बार ऐकू आला. सुमारे दोन किलोमीटर अंतर आणि मध्ये टेकडी!

पालकहो, येथे क्षणभर थांबा. त्या काळी अनेक विद्वान प्राध्यापकांजवळ याहून चांगली उपकरणे होती. आपल्या देशात कलकत्त्याला जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ सालीच भिंतीपलीकडे लहरी पाठवून घंटा वाजवून दाखवली होती. मार्कोनीने नवे असे केले ते हे, की त्याने अंतराचा ध्यास घेतला. आज एवढे पोहोचले, उद्या किती, हा एकच प्रश्न तो विचारीत राहिला आणि दर वेळी उत्तर मोजून घेत राहिला.

इंग्लंडची वाट

१८९६ च्या आरंभी आई मुलाला घेऊन लंडनला गेली. जकातीच्या अधिकाऱ्यांनी पेटीतली अनोळखी यंत्रे पाहून ती तपासणीत मोडून टाकली. मार्कोनीने ती पुन्हा बांधली. त्याच वर्षी २ जून रोजी त्याने पेटंटसाठी अर्ज केला. ब्रिटिश पोस्टखात्याचे मुख्य अभियंता विल्यम प्रीस यांनी त्याला मदतीचा हात दिला.

यानंतरची वाटचाल एखाद्या जिन्याच्या पायऱ्यांसारखी आहे. मे १८९७ मध्ये ब्रिस्टलच्या खाडीवरून बेटापर्यंत सुमारे सहा किलोमीटर. मार्च १८९९ मध्ये इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यामधील समुद्रावरून सुमारे ५० किलोमीटर. जानेवारी १९०१ मध्ये वाइट बेटापासून लिझार्ड भूशिरापर्यंत सुमारे ३०० किलोमीटर. ही शेवटची पायरी फार मोलाची होती. तीनशे किलोमीटरमध्ये पृथ्वीचा फुगवटा जवळजवळ १,८०० मीटर उंचीचा होतो. लहरी प्रकाशासारख्या सरळच जात असत्या, तर त्या लिझार्डवर पोहोचल्याच नसत्या. त्या पोहोचल्या. का पोहोचल्या हे कोणालाच ठाऊक नव्हते, मार्कोनींनाही नाही. पण पोहोचल्या हे मापाने सिद्ध झाले होते.

अटलांटिकची परीक्षा

या आधारावर त्यांनी अटलांटिक महासागर ओलांडण्याचे ठरवले. इंग्लंडच्या पोल्ढू येथून अमेरिका खंडाजवळच्या न्यूफाउंडलंड बेटापर्यंत अंतर सुमारे ३,५०० किलोमीटर. एवढ्या अंतरात पृथ्वीचा फुगवटा सुमारे २४० किलोमीटर उंचीचा येतो. विद्यार्थ्यांनो, हा आकडा नीट लक्षात घ्या. सह्याद्रीचे सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटर आहे. तशी जवळजवळ दीडशे कळसूबाई एकावर एक रचाव्यात, एवढा पाण्याचा डोंगर मध्ये होता. लहर सरळ गेली तर आकाशात निघून जाणार, असे म्हणणाऱ्या विद्वानांचे गणित चुकीचे मुळीच नव्हते.

संकटेही आली. सप्टेंबर १९०१ मध्ये वादळाने पोल्ढूचे खांबांचे कडे कोसळले. नोव्हेंबरमध्ये अमेरिकेतील केप कॉडचे खांबही पडले. दुसरा कोणी असता तर वर्षभर थांबला असता. मार्कोनींनी पोल्ढूला साधे एरियल उभारले आणि दोन साहाय्यकांसह, फुगे व पतंग घेऊन न्यूफाउंडलंड गाठले. डिसेंबरची थंडी, सोसाट्याचा वारा. एक फुगा तुटून गेला, एक पतंग गेला. दुसऱ्या पतंगाला सुमारे दीडशे मीटर तार बांधून ती आभाळात चढवली. १२ डिसेंबर १९०१ रोजी दुपारी साडेबाराच्या सुमारास मार्कोनींच्या कानाला लावलेल्या यंत्रात तीन टिंबे वाजली. तारायंत्राच्या लिपीत ते एस हे अक्षर होय. साहाय्यक केंप यांनीही ती ऐकली.

त्या वेळी वापरलेल्या साधनांत पाऱ्याचा एक लहरग्राहक होता. या जातीच्या ग्राहकाचे वर्णन जगदीशचंद्र बोस यांनी १८९९ सालीच लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडले होते. त्याचे श्रेय बोस यांना द्यावे, असे मत पुढे अनेक अभ्यासकांनी मांडले आहे. मोठे काम एकट्याच्या हातून होत नाही. पुष्कळांच्या मेहनतीवर ते उभे असते, आणि सर्वांची नावे पाटीवर येत नाहीत.

वर्तमानपत्रांनी मार्कोनींना डोक्यावर घेतले. पण शंका घेणारेही होते. ऐकणारे दोघेच, तेही एकाच कंपनीचे. कागदावर नोंद नाही. वादळी हवेतल्या खडखडाटाला तीन टिंबे समजले नसतील कशावरून? ही शंका रास्त होती.

या शंकेला मार्कोनींनी भाषणाने उत्तर दिले नाही. फेब्रुवारी १९०२ मध्ये ते फिलाडेल्फिया नावाच्या आगबोटीने इंग्लंडहून अमेरिकेस निघाले. बोटीवर ग्राहक यंत्र बसवले, आणि संदेश आपोआप कागदी फितीवर उमटेल अशी व्यवस्था केली. बोट जसजशी पुढे जाई, तसतशी फीत भरत जाई, आणि बोटीचा कप्तान साक्षीला असे. पूर्ण संदेश सुमारे २,५०० किलोमीटरपर्यंत आणि एस हे अक्षर सुमारे ३,४०० किलोमीटरपर्यंत उमटले. शंका घेणाऱ्यांची तोंडे बंद झाली.

पण त्याच फितीवर एक अडचणीची गोष्टही उमटली होती. हे सारे रात्री घडले. दिवसा संदेश जेमतेम ११०० किलोमीटरपर्यंतच येत होता. आता विचार करा. न्यूफाउंडलंडला तीन टिंबे ऐकली ती भर दुपारी! म्हणजे आपल्याच मोजणीने आपल्याच गाजलेल्या यशावर प्रश्नचिन्ह लागले. त्या दुपारी खरोखर काय ऐकू आले, यावर तज्ज्ञांत आजही वाद आहे. मार्कोनींनी मात्र दिवस-रात्रीचा हा फरक लपवून ठेवला नाही. त्याच वर्षी तो प्रसिद्ध केला. माझ्या मते या चरित्रातला सर्वांत मोठा क्षण पतंगाचा नसून या फितीचा आहे.

या फरकातूनच पुढचे ज्ञान निघाले. अमेरिकेत केनेली आणि इंग्लंडमध्ये हेविसाइड यांनी १९०२ सालीच असे सुचवले, की उंच वातावरणात विजेचे वहन करणारा एक थर असावा आणि लहरी त्यावरून परत फिरत असाव्यात. १९२४ साली ॲपलटन यांनी तो प्रयोगाने सिद्ध केला. त्यालाच आपण आयनांबर म्हणतो. सूर्यप्रकाशाने त्याचे स्वरूप बदलते, म्हणून दिवसाची वाट वेगळी आणि रात्रीची वेगळी. पाण्याचा तो डोंगर लहरींनी फोडला नव्हता; त्या वरच्या छताला लागून पलीकडे उतरल्या होत्या.

कीर्ती आणि चुकीची दुरुस्ती

१९०७ साली आयर्लंड आणि कॅनडा यांच्यामध्ये बिनतारी संदेशांची नियमित सेवा सुरू झाली. १९०९ साली जर्मनीच्या ब्राउन यांच्यासह मार्कोनींना नोबेल पारितोषिक मिळाले. एप्रिल १९१२ मध्ये टायटॅनिक बोट बुडाली, तेव्हा बिनतारी हाकेमुळेच कार्पेथिया बोट धावून आली आणि सातशेवर माणसे वाचली. त्याच वर्षी मोटार अपघातात मार्कोनींचा एक डोळा गेला. काम थांबले नाही.

या काळात सर्वांचा, मार्कोनींचाही, असा समज होता की लांबचा पल्ला हवा तर लांबच लांब लहरी आणि प्रचंड शक्तीची यंत्रे हवीत. त्यावर अमाप पैसा खर्च झाला होता. लघुलहरी निरुपयोगी मानून हौशी लोकांकडे सोडून दिल्या होत्या. महायुद्धाच्या काळात मार्कोनी पुन्हा लघुलहरींकडे वळले आणि फ्रँकलिन या अभियंत्याने ते काम पुढे नेले. १९२३ साली मार्कोनी आपली एलेत्रा ही नौका घेऊन समुद्रात निघाले. पोल्ढूहून ९७ मीटर लांबीच्या लहरी सोडल्या जात होत्या. ४,००० किलोमीटरहून दूर केप व्हर्द बेटांपाशी रात्री संदेश स्पष्ट येत होता. मग शक्ती उतरवीत उतरवीत एक किलोवॅटपर्यंत आणली, तरी संदेश येतच राहिला. दिवसाची अडचण होतीच. पुढच्या वर्षी ३२ मीटरच्या लहरी घेतल्या. एलेत्रा बैरूतच्या किनाऱ्याला असताना त्या दिवसभर ऐकू आल्या.

पन्नाशीच्या माणसाने, ज्यावर आपले नाव आणि धंदा उभा राहिला तोच मार्ग चुकीचा होता हे मान्य करणे सोपे नसते. मार्कोनींनी ते मान्य केले, कारण माप तसे सांगत होते.

आपल्या जिल्ह्यातील मार्कोनींची खूण

आता या कथेचा आपल्या मातीशी संबंध सांगतो. जुलै १९२४ मध्ये मार्कोनी कंपनीने ब्रिटिश पोस्टखात्याशी करार केला. विजेरीच्या झोतासारख्या एकाच दिशेने सोडलेल्या लघुलहरींनी कॅनडा, दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि हिंदुस्थान इंग्लंडशी जोडावयाचे होते. या पद्धतीला बीम वायरलेस म्हणत. पोस्टखातेही सावध होते. ठरावीक वेगाने, ठरावीक तास संदेश देण्या-घेण्याची सात दिवसांची परीक्षा उतरल्याशिवाय केंद्र ताब्यात घ्यावयाचे नाही, अशी अट होती. तिथेही आधी मोजणी!

हिंदुस्थानातील दोन केंद्रे कोठे होती, ठाऊक आहे? संदेश पाठवण्याचे केंद्र पुण्याजवळ खडकीला, आणि संदेश घेण्याचे केंद्र आपल्या शेजारच्या दौंडला. पाठवणाऱ्या यंत्राच्या गोंगाटात दुरून आलेला क्षीण आवाज बुडू नये, म्हणून दोन्हींमध्ये इतके अंतर ठेवले होते. इंग्लंडमधील ग्रिम्सबी आणि स्केगनेस येथील केंद्रांशी त्यांचा दुवा जुळला आणि १९२७ साली ही सेवा सुरू झाली. सात हजार किलोमीटरवरून आलेली लहर लोणी देवकरपासून पन्नास किलोमीटरच्या आत, दौंडच्या माळावर उतरत होती! आपल्याच जिल्ह्यात आर्वी येथे १९७१ साली उपग्रहाद्वारे परदेशाशी बोलण्याचे केंद्र उभे राहिले. ती याच वाटेवरची पुढची मजल.

शेवटची वर्षे

चरित्रात उजेड सांगावा तसा काळोखही सांगावा. मार्कोनी १९२३ साली मुसोलिनीच्या फॅसिस्ट पक्षात गेले. १९३० साली ते इटलीच्या रॉयल अकादमीचे अध्यक्ष झाले. त्यांच्या अध्यक्षपदाच्या काळात एकाही ज्यू विद्वानाला तिथे प्रवेश मिळाला नाही. इटलीने ॲबिसिनियावर केलेल्या आक्रमणाची त्यांनी बाजू घेतली. विद्यापीठाचा दरवाजा ज्याला स्वतःला बंद होता, त्याच्या कारकिर्दीत दुसऱ्यांसाठी केवळ त्यांच्या जन्मामुळे दरवाजा बंद राहावा, ही दुःखाची गोष्ट आहे. लहरी मोजताना त्यांनी जी सचोटी पाळली, ती माणसे मोजताना पाळली नाही. ज्ञान मोठे असले म्हणजे न्यायबुद्धी आपोआप येते असे नाही. ती वेगळी कमवावी लागते.

संशोधन अखेरपर्यंत चालू होते. १९३२ साली त्यांनी अवघ्या ५७ सेंटिमीटरच्या लहरी रोमजवळच्या डोंगरावरून सार्डिनिया बेटापर्यंत सुमारे २७० किलोमीटर, दृष्टीच्या टप्प्याच्या पलीकडे, पोहोचवून दाखवल्या. २० जुलै १९३७ रोजी रोम येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या सन्मानार्थ जागोजागची बिनतारी केंद्रे दोन मिनिटे बंद ठेवण्यात आली.

आपण काय घ्यावे

पालक बंधुभगिनींनो, आपल्या घरांत दोन वाक्ये फार लवकर उच्चारली जातात. एक, हे याला जमणार नाही. दुसरे, आमच्यात हे चालत नाही. एखाद्या मुलाला गणितात एकदा कमी गुण पडले, की पहिले वाक्य येते. एखाद्या मुलीने दहावीनंतर विज्ञानशाखेचे नाव काढले, की दुसरे येते. हा निर्णय देण्यापूर्वी आपण काय मोजले? किती दिवस, कोणत्या साधनांनी, कोणाच्या मदतीने? मार्कोनींच्या आईने माळा मोकळा करून दिला आणि पाहू तरी, असा विचार केला. तेवढेही आपण करतो का, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावे.

याउलटही आहे. केवळ हौसेखातर, ऐपत न पाहता, मुलाचा कल न पाहता त्याला मोठ्या खर्चाच्या शिक्षणात ढकलणे, हेही हिशेबाशिवाय मनोरा उभारण्यासारखेच आहे.

विद्यार्थी मित्रांनो, इब्न अल हैसम अस्वानपर्यंत गेले आणि नकार घेऊन परतले. मार्कोनी न्यूफाउंडलंडला गेले आणि होकार घेऊन परतले. दोघांची उत्तरे वेगळी, पण दोघेही घरी बसून बोलले नाहीत. दोघांनी जागेवर जाऊन पाहिले आणि जे दिसले ते सांगितले. इल्म म्हणतात तो हाच.

या सुट्टीत एक काम करा. कागद-पेन्सिल घ्या. उंचीच्या मीटरचे वर्गमूळ काढून त्याला ३.५७ ने गुणा; तेवढे किलोमीटर त्या उंचीवरून क्षितिज दूर असते. आपल्या मशिदीच्या मिनाराची, शाळेच्या गच्चीची, उसाच्या शेतापलीकडे दिसणाऱ्या मोबाइलच्या मनोऱ्याची उंची अंदाजाने धरा आणि तिथून कोणकोणती गावे नजरेच्या टप्प्यात येतील ते नकाशावर मांडा. मग गुरुजींना सोबत घेऊन, परवानगी काढून शाळेच्या गच्चीवर चढा आणि आपले उत्तर बरोबर आले का ते पाहा. उत्तर चुकले तर खोडू नका. का चुकले ते त्याच्याखाली लिहा.